आधी बसा, मग तपासू

१० नोव्हेंबर

आज पुन्हा तेच. अश्विन ओपीडीत डोकावला आणि पेशंटसमोरच म्हणाला, "संध्या, तू डॉक्टर आहेस की मावशी? बाहेर बघ, बाया जिन्यापर्यंत बसल्यात." बघितलं. बसल्या होत्या. पण समोर जी होती तिचं अजून बोलून झालं नव्हतं!

बाईला आधी खुर्चीवर बसवायचं. सोबतच्यांना बाहेर पाठवायचं. काय खाते, झोप लागते का, घरात कोण ओरडतं ते विचारायचं. मगच टेबलावर घ्यायचं. एवढंच माझं शास्त्र. दुखतं ओटीपोटात, पण कळ निघते भलतीकडूनच. अश्विनला हे पटत नाही असं नाही. त्याला वेळ नाही. दवाखाना त्याच्या वडिलांनी बांधला, खाली पेशंट, वर आम्ही. लग्न झाल्यापासून माझा सगळा प्रवास म्हणजे हा जिना.

११ नोव्हेंबर

जिना उतरले. जिना चढले.

१३ नोव्हेंबर

खैरलांजीकडची मैनाबाई. तिशीची असेल. सोबत नवरा दुलीचंद आणि सासू तुळसाबाई. धानाची कापणी सोडून आलेले, म्हणून घाईत. दुलीचंद उभ्यानेच बोलला — "पोट दुखून राह्यलं हिचं. अंगावरून थोडं थोडं जाते. गावचा डॉक्टर म्हणे, पिशवी खराब हाय. काढून टाका, म्याडम."

दोघांनाही बाहेर पाठवलं. मैनाबाईचे ओठ पांढरे. पाळी कधी आली होती, विचारलं. तिची नजर बंद दाराकडे. हात धरून बसून राहिले. मंजुषा सिस्टर दोनदा डोकावून गेली. मग खालमानेनं —

"चुकली बाई. पन सांगू कोनाले? माही नसबंदी झाली हाय. ह्याइले वाटन, मी दुसरीकडे गेली."

जरा थांबून म्हणाली, "खांदा बी लय दुखते."

खांदा! पोटात रक्त साचलं की कळ खांद्यात निघते. मी उठलेच. लघवी तपासली — गरोदर. सोनोग्राफीत दिसलं, गर्भ नळीत, नळी फुटलेली, पोटात रक्त साचलेलं. तशीच ऑपरेशनला घेतली. वाचली. पिशवी काढायची तारीख देऊन घरी पाठवली असती, तर गावापर्यंतही पोचली नसती.

झोपायच्या आधी दोनदा खाली जाऊन तिची नाडी बघून आले.

१४ नोव्हेंबर

शुद्धीवर आल्यावर तिचं पहिलं बोलणं — "ह्याइले नोका सांगू."

मी समजावलं, नसबंदीनंतरही क्वचित असं होतं, तुझी काही चूक नाही. कुठे केली होती नसबंदी?

"शिबिरात. तुमच्याच डाक्टर साहेबानं केलती."

वर आले. अश्विन जेवत होता. सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. मग म्हणाला, "गाठ होती म्हणून सांग. संपलं."

"यात तुझाही दोष नाही, अश्विन. होतं कधीकधी."

"हे गावाला कळतं का? बोर्डावर नाव माझं आहे!"

"आणि तिचं नाव?"

वरण वाढ म्हणाला. वाढलं.

१५ नोव्हेंबर

अश्विननेच दुलीचंदला सांगून टाकलं — गाठ होती, काढली. मी शेजारी उभी होते. तिनंच सांगू नका म्हटलं होतं, म्हणून गप्प राहिले. की अश्विनसाठी? मला नीट सांगता येत नाही.

१७ नोव्हेंबर

फुटलंच. वॉर्डात कुणीतरी बोललं, ती गरोदर होती म्हणून. दुलीचंद सगळ्यांसमोर तिच्या खाटेशी उभा राहिला — "कोनाचं होतं?" ती बोलायच्या आत निघूनही गेला. तुळसाबाई त्याच्या मागे.

तेव्हापासून मैनाबाई भिंतीकडे तोंड करून पडली आहे. तिचा डबा येत नाही. मंजुषा सिस्टर आपल्यातली भाकर देते.

१८ नोव्हेंबर

अश्विन म्हणतो, "हे आता त्यांच्या घरचं भांडण आहे. सुट्टी दे तिला." कुठल्या घरी देऊ?

१९ नोव्हेंबर

सकाळी तिला विचारलं, "खरं सांगू का त्याला? तू हो म्हणालीस तरच."

"आता काय राह्यलं लपवाले. सांगा."

बाजारात जाते म्हणून गाडी काढली. म्हणजे या घरातून बाहेर पडायचं तर मला खोटं बोलावं लागतं!

खैरलांजीला पोचले तर दुलीचंद खळ्यावर होता. मळणी चाललेली. सगळ्यांसमोर आरोप केला होतास ना, मग ऐकही सगळ्यांसमोर — असं म्हणून सांगितलं. बांधलेली नळी कधीकधी आतून पुन्हा जुळते. नसबंदी माझ्या नवऱ्याने केली होती. चूक त्याची नाही, आणि मैनाबाईची तर नाहीच नाही. मरता मरता वाचली आहे ती.

तुळसाबाईनं पदर तोंडाला लावला. दुलीचंद मातीकडे बघत म्हणाला, "मंग पयले काहून नाही सांगतलं?"

"आम्ही घाबरलो. पण तू तरी तिचं ऐकून घेतलंस का?"

तो वाकून पायाशी सांडलेलं धान मुठीनं गोळा करत राहिला. मग — "उद्या येतो तिले न्याले."

परत आले तर अश्विन जिन्यात. गावातून कुणीतरी फोन केला असावा, त्याला कळलं होतं. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "यापुढे कुठे जायचं असेल तर मला विचारून. गाडीची किल्ली दे."

दिली! का दिली मी?

२० नोव्हेंबर

दुलीचंद आला. नवं लुगडं आणलं होतं. हात जोडून खाटेशी उभा राहिला. मला वाटलं, झालं, सुटलं सगळं.

मैनाबाई हळूच उठून बसली. "मी नाही येत."

"काहून? आता तं समजलं ना मले."

"डॉक्टरीनबाईनं सांगतलं म्हून आले तुमी. म्या सांगतलं असतं तं आले असते?"

दुलीचंद पोरांचं बोलला. ती म्हणाली, "पोराइले उकवा गावाले आनून देजा, माह्या बहिनीकडे. तिचे मालक खदानीत कामाले हायेत. दोन घास देतीन ते." मग लुगड्याची घडी त्याच्याकडे सरकवली.

मी खैरलांजीला गेले ती हिला घरी पोचवायची वाट मोकळी करायला. हिला त्या घरी जायचं आहे का, हे माझ्या डोक्यातही आलं नाही!

२१ नोव्हेंबर

उकव्याच्या बसमध्ये लिहितेय, अक्षर हलतंय. शेजारी मैनाबाई खिडकीला डोकं टेकून झोपली आहे. टाके कच्चे आहेत, सोबत कुणीतरी हवं — एवढंच सिस्टरला सांगून निघाले. अश्विनला काहीच नाही. मांडीवरच्या बॅगेत माझे चार कपडे आहेत. ते काही तिच्या टाक्यांसाठी घेतलेले नाहीत.