जांभळ्या बटाट्यांचं पोतं

प्रिय चिमणे,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. तू म्हणशील, ताईला चार ओळी खरडायला एवढा वेळ लागतो होय! लागतो गं. चार कागद फाडले, हा पाचवा. अक्षर कोंबडीच्या पायांचं आलंय, सांभाळून घे.

साठवणीच्या खोलीचं दार उघडलं तर राखाडी पतंगांचा लोट अंगावर आला, बटाटा कापला की आत अळीने पोखरलेलं, बियाण्यापुरताही माल उरला नाही, हे सगळं वाचलं. पण त्याहून वाईट पुढे होतं. सगळं खोरं तुझ्या नवऱ्यावर उलटलंय, की यानेच सपाटीवरचा माल आणून कीड घुसवली. आणि तूही त्याला घराबाहेर काढलंस. आपले ड्रायव्हरसाहेब आता गाडीतच झोपतात म्हणे, आणि लेकीला कुंपणापलीकडून बघून जातात. सोमवारच्या बैठकीत त्यांची गाडी खोऱ्यात कायमची बंद करणार. त्यांनी सगळ्यांसमोर एवढंच सांगितलं की कीड माझ्याच गाडीतून आली, बाकी तोंडाला कुलूप. ते वाक्य वाचलं आणि मी पत्र खाली ठेवलं. दिवसभर पुन्हा हातात घ्यायची हिंमत झाली नाही.

माझं काम तुला मी कधी नीट सांगितलंच नाही. पतंग दिसायला सारे सारखे, पण त्यांची जनुकं तपासली की घराणी वेगळी निघतात. जिथे कीड पिढ्यानपिढ्या नांदतेय तिथे घराणी पुष्कळ. सपाटीवरच्या गोदामांतून मी चौदा जमवली. ड्रायव्हरसाहेब तिथूनच माल आणतात, मग तुमच्याकडेही त्यातली चार-दोन दिसायला हवीत की नाही? गेल्या महिन्यात तू खोऱ्याच्या दोन्ही टोकांहून काड्यापेट्या भरून पतंग पाठवलेस. सगळे एकाच घराण्याचे निघाले. म्हणजे कीड एकदाच आली, मूठभर आली, आणि तिचीच पिलावळ सगळीकडे पसरली. आणि ते घराणं सपाटीवर कुठेच नाही गं.

मग मी वेड्यासारखी शोधत सुटले. बंदरं, बाजार, जुन्या नोंदी. काखेत कळसा आणि गावाला वळसा! ते घराणं माझ्याच प्रयोगशाळेत होतं, खिडकीजवळच्या जाळीच्या पिंजऱ्यात. आठ वर्षांपूर्वी परदेशातून अभ्यासाला आणलेले पतंग, त्यांना मीच वाढवते. माझी मदतनीस म्हणाली, बाई, आपल्याच पिंजऱ्यातलं काहीतरी तपासणीच्या नळीत मिसळलं असेल. बुडत्याला काडीचा आधार, तसं मी ते धरून ठेवलं. उरलेल्या काड्यापेट्या न उघडता दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेला पाठवल्या आणि देवाला न मानणारी मी हात जोडून बसले. काल उत्तर आलं. नळीत काहीही मिसळलं नव्हतं.

तुला ते जांभळ्या सालीचे बटाटे आठवतात? दोन वर्षांपूर्वी मी आमच्या प्रयोगशाळेतून त्यांचं पोतं घेऊन आले होते, तुझी लेक नुकती रांगायला लागली होती. नवा वाण सगळ्यांच्या आधी माझ्या बहिणीच्या शेतात लागावा, एवढीच हौस. आमच्याकडे नियम आहे, कुठलाही बटाटा सहा आठवडे बंद खोलीत ठेवून अळी निघत नाही ना हे बघायचं, मगच बाहेर काढायचा. दारावर तो नियम माझ्याच अक्षरात लावलाय. चारच आठवडे झाले होते. म्हटलं, घरचंच तर आहे! स्टँडवर ड्रायव्हरसाहेब घ्यायला आले, पोतं त्यांनीच गाडीत चढवलं आणि विचारलंसुद्धा, ताई, तपासणी झालीय ना? मी हसून म्हटलं, अहो, तपासणारी मीच. खोऱ्याच्या तोंडाशी नाकेदाराने अडवलं, तर मी ओळखपत्र दाखवलं. त्याने पोत्याकडे बघितलंदेखील नाही.

चिमणे, तुझा नवरा खोटं बोलला नाही. गाडी त्याचीच होती. पोतं कुणाचं, एवढंच त्याने गिळलं. तुझी बहीण तुझ्या नजरेतून उतरू नये म्हणून तो स्वतः उतरला, आणि आपण चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो.

तू माझ्याकडे सोमवारसाठी दाखला मागितलास, कीड सपाटीवरून त्याच्या गाडीतून आल्याचा, शिक्क्यासकट. खरं सांगते, तो मी लिहिलाही होता. शिक्का मारला, सही केली, तीन दिवस पर्समध्ये घेऊन हिंडले. तू मला ताई म्हणणं सोडशील या भीतीने तुझा संसार मोडायला निघाले होते मी. काल तो फाडला. सोबत खरा अहवाल जोडलाय, त्याची एक प्रत मी आज आमच्या वरिष्ठ साहेबांच्या टेबलावर ठेवली. माझं इथलं काय व्हायचं ते होईल. सोमवारी हा अहवाल आणि हे पत्र दोन्ही मोठ्याने वाच, माझं नातं सांगून वाच. पण त्याआधी, हे पत्र हातातून खाली ठेवायच्याही आधी, जा आणि त्याला घरी घेऊन ये. तो पुन्हा म्हणेल, गाडी माझीच होती. त्याला सांग, पोतं ताईचं होतं, ताईनेच कळवलंय.

अजून म्हणू दिलंस तर तुझीच,
ताई