सुयांवरचं कुंकू

सन १९७८. नवरात्र, आठवी माळ

कारखान्याच्या मालकाच्या जिभंला हाड न्हाय. सून गंगू चार दिस सांगतीया, त्येच्या सूत गुंडाळायच्या कांडी मशीनला हात लावला की झिणझिण्या येत्यात. त्यो म्हनतो, बायकांना काम नको असतंय. हे आदी लिवलं. देवाचं नाव आता. श्री.

आमचा ल्योक इरण्णा वायरमन. त्येला वीज बोर्डाच्या सायबानं वीज तपासायचं नवं मीटर दिलंय. काटा न्हाय, काचंत आकडे उगवत्यात. शिडीवरनं पडलं तरी चालू. बायकोला इतकं जपत न्हाय. दसरा झाला की मशीन तपासतो म्हनला. वर मला, "आये, ह्याला हात लावायचा न्हाय." जसं काय मी ते तव्यावर टाकनार हाय.

खंडेनवमी

पक्कड, पेचकस, हातोडी पूजेला मांडली. मीटर पेटीतच. ज्येच्यावर घर चालतंय त्येलाच पूजा न्हाय? इरण्णा आंघोळीला गेला तवा काढलं. दोन तारा, टोकाला सुया. कोयत्याच्या धारंला लावतो तसं तेलात कालवून कुंकू लावलं, चांगलं दाट. परत ठेवलं. बोलले न्हाय.

दसरा

सोनं वाटलं. गंगूच्या तोंडावर हसू न्हाय. "अत्ती, उद्या त्या मशीनवर बसायचं जिवावर आलंय." म्हनलं, नवरा तपासनार हाय की.

एकादशी

इरण्णानं सकाळी घाईत एक सुई मशीनला टेकवली, दुसरी नळाला. आकडा शून्य, म्हंजी मशीनच्या अंगात वीज न्हाय. मालक म्हनला, बघा. गंगू बसली.

दुपारी ओल्या हातानं धरलं. मशीन सोडंना. फळी मारून सोडवली. दवाखान्यात हाय. जीव हाय. उजवा हात

मालक गावभर सांगतोय, तिच्या नवऱ्यानंच मशीन पास केलं.

द्वादशी

इरण्णा परत गेला. सुया नखानं खरवडल्या, टेकवल्या. आकडा दोनशेच्या वर. खाली बघितलं तर मशीनमधी उतरल्याली वीज जमिनीत नेनारी तार तुटून लोंबत होती. कधीची, कुनास ठाऊक.

घरी आला, नख दाखवलं. लाल. "आये, हे कुनी लावलं?"

मी चूल फुकत बसले. त्यो नख धुवून दवाखान्यात गेला.

त्रयोदशी

गंगूची तीन बोटं वाकत न्हाईत. डाक्टर नुसतं बघू म्हनतोय. ती माझ्याकडं बघती. इरण्णानं सांगितलं असंल का?

मालकानं त्येला उद्या दहाला कारखान्यावर बोलावलंय, सायबालाबी. इरण्णा म्हनतो, चूक माझीच म्हनून मोकळा होतो.

अजाबात न्हाय. त्यानं गंगूजवळ बसायचं. कारखान्यावर मी जानार. कुंकवाचं मी सांगनार. तारेचं मालकानं सांगायचं, आनि ते आदी.