पुढे गाणी बंद

तीर्थरूप दयाराम दाजींच्या चरणी, मुरुडहून गुणाजीचा उभ्या उभ्याच नमस्कार. (बसवत नाही.) तुमचा गुडघा कसा आहे, आणि ताईने गोड खाणं बंद केलं की नुसतं लपवून खाते, ते कळवावे. इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. फोन केला असता, पण तुम्ही नुसतं 'बोल गुणाजी' म्हणालात की माझी अर्धी तक्रार घशातच राहते.

तर तुमचे चिरंजीव मितेश नवी जीप घेऊन आले. जीप कसली, माडीच ती. मामीला चढवायला पाट ठेवावा लागला. आत गाणी अशी जोरात की आमच्या कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात शिरेनात. वाटलं, भाचा आलाय, समुद्रावर फिरेल, सुरमई खाईल. पण त्याला रान बघायचं होतं, तेही चाकाखाली घेऊन.

आता रानातल्या पाणवठ्याला आम्ही गाण म्हणतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. वैशाखात बाकीच्या गाणी आटतात, एकीत तेवढं पाणी राहतं आणि सांबरं, भेकरं सगळी तिच्याच आशेवर. हौशी जीपवाले येऊन नेमकी तीच तुडवत. अभयारण्यात गाड्यांना बंदी करा म्हणून मी वर्षभर वनखात्याच्या पायऱ्या झिजवल्या. शेवटी बंदी झाली आणि गावाने मला समितीचा अध्यक्ष केलं. (दुसरं कोणी मोकळं नव्हतं.) पाटी मी स्वतःच्या हाताने रंगवली. रंग संपत आला होता, म्हणून थोडक्यात लिहिलं: 'पुढे गाणी बंद.'

मितेशने पाटी वाचली, शहाण्या मुलासारखी गाडीतली गाणी बंद केली आणि जीप थेट गाणीत घातली. चारी चाकं रुतली. मी धापा टाकत पोचलो, तर मलाच म्हणतो, "मामा, पाटी पाळली ना मी? बघ, हाय का काय आवाज?"

ट्रॅक्टरने ओढावी तर बंदी आड येते, आणि भाच्यासाठी बंदी मोडली तर उद्या बाकीच्यांना कोणत्या तोंडाने अडवू? गाव हसतंय. मी घरून गाणीकडे आणि गाणीकडून घरी येरझाऱ्या घालतोय. भेकर टेकाडावरून ओरडतं, खाली उतरत नाही. ते ओरडलं की माझ्याही घशाखाली पाणी जात नाही, खोटं नाही सांगत. तरी ट्रक न आणता, दोर आणि दहा-वीस माणसं घेऊन यावे. ताईस नमस्कार.

आपला मेव्हणा,
गुणाजी

ता.क. जीपची घाई नाही. लोखंड आहे, जनावरं तिला सरावतील. पण मितेश तिला सोडून हलत नाही. टपावर बसून आहे, चोरीला जाईल म्हणे. (हलत असती तर मीच नेली असती.) तो तिथे आहे तोवर एकही जनावर पाण्याला तोंड लावणार नाही. म्हणून दोर नको, माणसं नकोत. तुम्ही एकटे या आणि पोराला घेऊन जा.

आणखी एक ता.क. त्याला कान धरून मीच आणला असता, पण मामाने भाच्यावर हात उचलला तर म्हातारपणी हात थरथरतात, असं आई सांगायची. मी अजून बोटसुद्धा लावलेलं नाही, तरी या पत्रातलं अक्षर बघा कसं थरथरलंय. शिक्षा आधीच भोगून झाली आहे. तर तुम्ही येईपर्यंत त्याला एक कानफटात मारून घेऊ का, तेवढं उलट टपाली कळवावे.