तानुबाईचा अंगठा

धाड, १४ मार्च १९६३

ती. अर्जुनदादा,

आज नमस्कार लिहवत नाही.

सोमवारी सकाळी पूजा आटोपून मी तानुबाईला बुलढाण्याला नेले आणि जमिनीच्या दाव्यांत मुरलेले जुने वकील गाठले. विहिरीचा अर्ज म्हणून तुम्ही बहिणीचा अंगठा घेतलात. ते आबांच्या शेतातला तिचा वाटा सोडल्याचे हक्कसोडपत्र निघाले. वर लुगडे देऊन तिची ओटी भरलीत.

वकिलांनी विचारले, "साक्षीदार कोण?"

"मीच. थोरल्याने दिलेला कागद आमच्यात वाचत नाहीत."

"मग खोटे आधी तुम्हीच ठराल."

तानुबाई म्हणाली, "राहू दे न भाऊ, माहं माहेर तुटन."

ते तुम्हीच तोडलेत, दादा. हे पत्र टाकणार नाही, तुम्हाला समन्सच येईल. माझी चूक कबूल करणाऱ्या जबानीवर मी सही केली, या वेळी प्रत्येक ओळ वाचून.

तुमचा धाकटा,
पुंजाजी