दोन फळ्यांची बोट

प्रिय बाबा,

वरच्या खोलीतून खालच्या खोलीत पत्र पाठवतेय, हसू नका. तुमचं खोकणं इथे ऐकू येतंय, पण तुम्ही मला भोंगा म्हणत असलात तरी आज समोर येऊन बोलायचं धाडस होत नाही.

आजारपणानंतर तुमचा डावा हात लुळा पडला, डॉक्टरांनी पाण्यात एकट्याने जायचं नाही म्हणून बजावलं, आणि तुम्ही शिडं शिवायच्या मशीनवर चादर टाकलीत. तुमचं तोंड बघवेना. मीच म्हटलं, उभं राहून वल्हवायचे दोन पॅडलबोर्ड शेजारी शेजारी बांधू, मध्ये बसायला जाळी आणि वर शीड. अशी बोट सहजासहजी उलटायची नाही. दुसऱ्याच दिवशी तुम्ही चादर काढलीत. एकच शिवण तीनदा उसवलीत, मी वैतागले तरी. माझी अट एवढीच, की मागे बॅटरीवरच्या दोन मोटारी बसवायच्या. "शीड असताना हे पंखे कशाला?" म्हणालात. मी म्हटलं, वारा पडला तर? तुम्ही पुन्हा शिवणीकडे वळलात. मी तो होकार धरला.

तुमच्या हाताशी मोटारींचं बटण होतंच. त्याशिवाय मी गुपचूप एक रिमोट जोडला होता, म्हणजे तुम्ही एकटे पाण्यात असताना काही झालं तर धक्क्यावरून मला बोट चालवता येईल.

बोट पहिल्यांदा पाण्यात घातली त्या दिवशी पाण्यात तरंगणाऱ्या लाल पिंपाला वळसा घालून तुम्ही परत फिरलात आणि वारा बदलला. बोट खडकांकडे सरकायला लागली. स्वेटरच्या खिशात हात घालून मी एका मोटारीचं बटण दाबत सुटले. बोटीचं तोंड वळलं, शीड भरलं आणि तुम्ही सरळ धक्क्याला आलात. इतके खूश तुम्ही आजारपणानंतर प्रथमच दिसलात.

ते वळण तुम्ही शेजारच्या मास्तरांना सांगितलंत, दूधवाल्याला सांगितलंत, माझ्या मैत्रिणींनाही. आणि तुमची पाठ वळली की मी रिमोट दाखवून हळूच म्हणायचे, "मी आणलं त्यांना." सगळे हसायचे. परवा मास्तर तुम्हाला "काय कप्तान" म्हणाले आणि मला डोळा मारला. तेव्हाही मी हसले.

आज चार्जिंगसाठी बॅटरीची पेटी उघडली. दोन्ही मोटारींच्या वायरी सोडवलेल्या होत्या आणि टोकांना शिडाचा मेणाचा दोरा गुंडाळलेला. गाठ तुमची. त्या दिवशी निघण्याआधी पेटीला कुलूप तुम्हीच लावलंत आणि किल्ली माझ्या हातात ठेवलीत. त्यानंतर पेटी आजच उघडली. म्हणजे मी खिशात नुसतंच बटण दाबत होते. बोट तुम्ही वळवलीत, एका हाताने. वायरी सोडवताना पेटीतला रिमोटचे संकेत घेणारा डबाही दिसलाच असणार, तरी एका शब्दाने बोलला नाहीत. असं जिवावर उदार व्हायला नको होतं, हे म्हणायलाही मला तोंड राहिलेलं नाही.

आत्ता सगळ्यांकडे जाऊन खरं सांगून आले. आता तुम्हीच राहिलात. थोड्या वेळाने जेवायला खाली येईन. काही बोलू नका हवं तर, पण माझ्याकडे बघा.

तुमचीच,
भोंगा