पहिल्यांदा कोण म्हणालं?

एचएसआर लेआउट, बेंगळूरू
१७ ऑगस्ट २०२५

प्रिय अहल्याअक्का,

नमस्कार. भावजींची गुडघेदुखी आता कमी असेल. रविकिरण आणि मी बरे आहोत. तुझं बसवनगुडी इथून तासाभरावर, तरी पत्र लिहितेय, कारण तुझ्या लेकीच्या, शलाकाच्या लग्नापासून दोन वर्षं तू माझा फोन उचललेला नाहीस.

मार्चपासून मी इथल्या एका कॉस्मेटिक क्लिनिकमध्ये समुपदेशक आहे. चेहऱ्यावर काही करून घ्यायला आलेल्यांशी आधी मी अर्धा तास बोलते. वाटायचं, नखरेल माणसंच येत असतील. तसं नाही गं. एक निवृत्त शिक्षिका हनुवटीवरची चामखीळ काढायला आल्या. "स्वल्प टोचते, बाकी काही नाही," म्हणाल्या आणि दहा मिनिटांत मोकळ्या झाल्या. त्याच दिवशी महादेवपुऱ्याहून एक इंजिनिअर आला. कपाळ किंचित मोठं, एवढंच. पण ऑफिसच्या व्हिडिओ कॉलवर तो फक्त स्वतःचा चौकोन बघतो; बाकीचे काय बोलले ते त्याला कळतच नाही. असं का होत असेल? हा प्रश्न मला सोडत नाही.

गेल्या महिन्यात एक मुलगी आली. नाक सरळ, छान. मोबाइलमध्ये नाकाचेच चाळीस फोटो. मी म्हटलं, आत्ता ऑपरेशन नको, आधी मनाचं बघू. ती रागावली नाही. शांतपणे म्हणाली, "मॅडम, एवढ्या वेळात तुम्ही चारदा खिडकीच्या काचेत स्वतःचं नाक बघितलंत."

अक्का, तिचं खरं होतं. दुसऱ्या एका दवाखान्यात माझ्याच नाकाच्या ऑपरेशनची तारीख ठरली होती. मला ट्रेनिंग आहे, असं घरी रविकिरणला सांगितलं होतं.

क्लिनिकमध्ये आलेल्यांकडून आम्ही प्रश्नांचा एक कागद भरून घेतो; त्या संध्याकाळी तो मी स्वतःसाठी भरला. 'ही उणीव पहिल्यांदा कोणी दाखवली?' तिथे तुझं नाव लिहिलं. मी दहावीत होते. रघुपतीकाकांकडे फोटो काढताना तू म्हणालीस, "संपी, बाजूनं उभी राहू नको, नुसतं नाकच येतं." सगळे हसले. मीही हसले.

'यामुळे काय टाळलंत?' इथे मी पेन खाली ठेवलं. बऱ्याच वेळानं लिहिलं: शलाकाचं लग्न.

ताप आलाय असं कळवलं होतं, पण मला ताप नव्हता. साडी नेसून तयार होते. हॉलवर तीन कॅमेरे लावलेत असं तू आदल्या दिवशी कौतुकानं सांगितलं होतंस, आणि माझा पाय उंबऱ्याबाहेर पडेना. तुला वाटलं, मानापमानावरून आले नाही. मी वाटू दिलं. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

ऑपरेशन रद्द केलंय. दर शनिवारी शिल्पाश्री नावाच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जाते. तिथे उत्तरं मला द्यावी लागतात. काल त्यांनी विचारलं, "अक्कांना ते वाक्य आठवत असेल?" तीस वर्षांत मला हे कधी सुचलंच नव्हतं.

दोष द्यायला लिहीत नाही. तू तेव्हा अठराची होतीस. पण मला जाणून घ्यायचंय. आठवत नसेल तर तसंच सांग. मग इतकी वर्षं ते मी एकटीच स्वतःला म्हणत होते, एवढं तरी कळेल.

येत्या रविवारी सकाळी येते. शलाकालाही बोलावून घे. तिची माफी मागायची आहे.

दार उघडशील, एवढ्याच भरवशावर,
तुझी संपी