रूबेनसाठी वेगळं ताट

अमरावती,
नोव्हेंबर १९६४

प्रिय रूबेन,

तुझं पार्सल पोचलं. निम्म्या बिस्किटांचा चुरा झालाय, पण डब्यावरचा गोल शिक्का शाबूत आहे. कारखान्याच्या भट्टीपाशी धर्मगुरूंचा माणूस उभा असतो, पीठ-तूप पारखतो, आणि त्यानं मान हलवल्यावरच तू डब्यांना ‘कोशेर’च्या, म्हणजे तुमच्या धर्माला चालतं अशा, चिठ्ठ्या लावतोस, हे वाचून हसू आलं. अकोल्याच्या शाळेत वहीवर नावाची चिठ्ठी वाकडी लावली म्हणून मार खाणारा तूच ना! आणि तुझ्या लेकीचं, दीनाचं लग्न लागलं, या ओळीवर तर मी असा ओरडलो की अनुपमा स्वयंपाकघरातून पळत आली. बायकोला वाटलं, नवऱ्याला कुठल्यातरी निवडणुकीचा निकाल कळला.

पण हे पत्र आनंदाचं नाही. तू बोटीची तिकिटं काढण्याआधी ते तुझ्या हाती पडावं, म्हणून घाईनं लिहितो आहे.

उन्हाळ्यात तू दाखला मागितलास तेव्हा मी भडकलो होतो. तुमच्या त्या नव्या यहुदी देशातले धर्मगुरू हिंदुस्थानातून आलेल्या तुम्हा मंडळींना अस्सल यहुदी मानायला कुरकुरतात, लग्नाआधी घराण्याची चौकशी करतात. तेव्हा तुमचं आचरण डोळ्यांनी पाहिलेल्या बाहेरच्या माणसाचं पत्र असलं तर बरं, असं तुझं म्हणणं. जन्मभर माणसांच्या शुद्धतेच्या दाखल्यांवर मी तोफा डागल्या, आणि आता मीच असा एक लिहायचा? मी चार पानं रागानं भरून पाठवली. तुझं उत्तर एवढंच आलं: “भाषण काहून देऊन राहिला बे? पोरगी माही आहे. लिही.”

मग लिहिलं. शनिवारी तुमच्या रेल्वे क्वार्टरात चूल पेटत नसे, हे लिहिलं. अकोल्यात तुमच्या रीतीनं बकरं कापणारा कुणी नव्हता म्हणून तुम्ही मांसाशिवाय राहत होता, हेही. तुझी आई तुला दुसऱ्या कुणाकडे जेवू देत नसे. फक्त आमच्याकडे, कारण आमच्या चुलीवर मांस चढतच नाही. तिनं आमच्या स्वयंपाकघरावर आपला शिक्का मारला होता म्हण ना. आणि शेवटी, “ताटाचं नक्की लिही,” असं तू बजावलं होतंस म्हणून, जुन्या शहरातल्या आमच्या घरी तुझा नियम मोडू नये यासाठी माझी आई तुझं पितळेचं ताट वेगळं ठेवत असे, हे मी अगदी अभिमानानं लिहिलं.

अभिमान का नसावा? ते ताट माझ्या भाषणांत किती वर्षं फिरतं आहे! दुसऱ्याचा धर्म जपणं म्हणजे काय, ते माझ्या न शिकलेल्या आईला विचारा, असं म्हटलं की टाळ्या ठरलेल्या. बाळापूरच्या सभेत देवमन मास्तर उठले. नागपूरला दीक्षा घेऊन आलेले, माझे जुने श्रोते. म्हणाले, “वकीलसाहेब, ते ताट घासे कोन?” मी हात उंचावून सांगितलं, “रूबेन स्वतः! इतका कडक त्याचा नेम!” सभा हसली, टाळ्या पडल्या. मास्तर खाली बसले.

परवा तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. बिस्किटात अंडं आहे का, हे तिनं आधी विचारलं. मी शिक्क्याचा अर्थ समजावला. “म्हणजे आपलं सोवळंच की,” ती खूश झाली. मी म्हटलं, “आई, तू तर हे तेव्हाच ओळखलंस. त्याच्या नियमासाठी ताट वेगळं ठेवलंस.”

“कसला नियम?” आई म्हणाली. “मला काय ठाऊक त्याचा नियम! परजातीचं पोर, आपल्या ताटात कसं वाढणार? तू रोज त्याला घेऊन यायचास, उपाशी तरी कसं धाडू? म्हणून मागच्या पडवीत वाढायची. घासून जायचा बिचारा. तरी मी वरून पाणी ओतल्याशिवाय उचलत नसे.”

तिचा आवाज जराही खाली आला नाही. माझं तोंड पाहून तिलाच नवल वाटलं. “त्या ताटापायी पोरीचं लग्न लागलं ना? मग झालं तर.”

रूबेन, मी माजघरात जेवायचो आणि तू पडवीत. मधे उंबरा होता, तो मला रोज दिसायचा. अस्पृश्यतेवर मिळेल ते पुस्तक मी वाचलं, गावोगाव घसा फोडला, आणि माझ्या घरातल्या उंबऱ्याला स्वतःच एक सुंदर कारण चिकटवून मोकळा झालो. आईला एकदाही विचारलं नाही. मला तिच्यापेक्षा माझीच लाज वाटते आहे. मास्तरांना तर उत्तर विचारतानाच ठाऊक होतं. पुढच्या आठवड्यात अकोल्याला सभा आहे, ते येतील. तिथे टाळ्या मिळणार नाहीत असं बोलायचं आहे.

तू लिहितोस, जानेवारीत दीनाला आणि जावयाला घेऊन येतो, ज्या माउलीच्या ताटानं हे लग्न लावलं तिच्या पायांवर पोरांना घालतो. लग्नाच्या मांडवात सगळ्यांना ती गोष्ट सांगितलीस म्हणे. म्हणून हे पत्र. न कळता तू वाकावंस, हे मला बघवणार नाही. दाखल्याची काळजी करू नकोस. ताट वेगळं होतं, एवढं त्यात खरंच आहे. न येण्याचा तुला पूर्ण हक्क आहे. आलास तर तू, पोरं, अनुपमा आणि मी इथल्या माजघरात एका पंगतीला बसू. आई बसणार नाही, हे आधीच सांगतो. मी काल तिला विचारून पाहिलं. सगळ्या वऱ्हाडाला शहाणं करायला निघालेल्या मुलाचं एकही भाषण तिनं ऐकलेलं नाही, रूबेन. तिच्यासमोर ते करायचं धाडस मीच कधी केलं नाही.

तुझाच, पण या वेळी मान खाली घालून,
चिंतामण